चौथी पायरी आणि १२ ऑगस्ट

२६ ऑगस्ट २०१८. रविवार, राखीपौर्णिमा. भाऊ नंदनवनला राहतो, त्याच्याकडे जायला म्हणून सकाळी अकराच्या सुमारास मी घरातून निघाले. एका हातात पेढ्यांचा डबा होता आणि पर्स खांद्याला. हे मुद्दाम सांगते, कारण पाच वर्षांनी कोर्टात लेखी आलं की "वादीच्या दोन्ही हातांत सामान असल्याने तिचा तोल गेला". नव्हतं. एक हात कठड्यावर होता, आणि खरा घात त्या कठड्यानेच केला.

आम्ही तेव्हा नागपूरला महाल भागात भाड्याने राहायचो. खाली घरमालक, वर आम्ही तीन बिऱ्हाडं. जिना बाहेरून, सिमेंटचा, एका अंगाला भिंत आणि दुसऱ्या अंगाला लोखंडी कठडा. खालून चौथ्या पायरीचा कोपरा त्या उन्हाळ्यातच उडाला होता आणि वरच्या टोकाला कठड्याचा खिळा भिंतीतून निम्मा बाहेर आला होता. वर पावसाळा, म्हणजे शेवाळ. सगळ्यांना ठाऊक होतं. मुलं ती पायरी उडी मारून ओलांडायची, मोठी माणसं कठडा धरून. त्या दिवशी पायरीचा उरलेला तुकडाही पायाखालून सुटला. मी कठडा घट्ट धरला आणि कठडा भिंतीतून निघून माझ्यासोबत खाली आला. पेढ्यांचा डबा शाबूत राहिला. उजव्या पायाचा घोटा दोन ठिकाणी मोडला.

मी शिवणकाम करते. ब्लाउज, पिको-फॉल, शाळेचे युनिफॉर्म. तेव्हा पायमशीन होती, मोटार लावलेली नव्हती. शिवणाऱ्या बाईला उजवा पाय म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. ऑपरेशन झालं, आत प्लेट आणि सहा स्क्रू बसले. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात दिवाळी होती, तिच्या सगळ्या ऑर्डरी मी पलंगावरून परत केल्या. अस्तरं कापून तयार होती. ती घेऊन बायका दुसऱ्या टेलरकडे गेल्या आणि त्यांतल्या निम्म्या पुन्हा माझ्याकडे आल्याच नाहीत.

दवाखान्यात पहिल्यांदा नेलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, काय झालं? मी कळवळत म्हणाले, "जिन्यावरून पाय घसरला." त्यांनी तेवढंच कागदावर लिहिलं. पायरी तुटली, कठडा निघाला, यातलं काही मी बोललेच नाही. बोलायचं असतं हे कोणाला सुचतं? पुढे तो कागद दोन्ही बाजूंनी कोर्टात आला. आमच्याकडून इजेचा पुरावा म्हणून, आणि त्यांच्याकडून 'घसरला' या एका शब्दासाठी.

घरमालकांना आम्ही काका म्हणायचो. २००९ पासून तिथे होतो. काकू थंडीत सांबारवडी करायच्या तेव्हा पहिली बशी वर यायची. मी पडले त्या संध्याकाळी काका दवाखान्यात आले, माझ्या नवऱ्याच्या हातात पाच हजार रुपये ठेवले आणि म्हणाले, "पोरी, तू टेन्शन नको घेऊ. जो काही खर्च होईल तो आपन पाहून घेऊ." त्यांचे डोळे भरून आले होते. ते खोटं नव्हतं, असं मला आजही वाटतं. आठ दिवसांत त्यांनी गवंडी लावून पायरी नवी केली आणि कठडा वेल्डिंगवाल्याकडून पक्का करून घेतला. मी घरी आले तेव्हा नवऱ्याने मला उचलून त्याच नव्या पायरीवरून वर नेलं.

त्यानंतर सुरू झालं ते 'होऊ द्या'. दिवाळी होऊ द्या. मुलगा पुण्याहून येऊ द्या. गावाकडच्या वावराचा निकाल लागू द्या. आम्हीही भीडेपोटी दोन-दोन महिने विषय काढत नव्हतो. शेजारधर्म होता, शिवाय घर त्यांचं. मालकाशी वाकडं घेऊन भाडेकरू जाणार कुठे? डिसेंबर २०१९ मध्ये नवऱ्याच्या दुकानातल्या एकाच्या ओळखीने एका वकिलाकडून नोटीस पाठवली. पंधराशे रुपये घेतले आणि रजिस्टर पोस्टाने गेली, पोचपावतीही आली. काका जिन्यातच भेटले. "नोटीस धाडते काय मले? घरच्या मानसाले?" एवढंच बोलले. त्या हिवाळ्यात सांबारवडीची बशी आली नाही.

उत्तरही आलं नाही. माझी समजूत अशी की नोटीस दिली म्हणजे आपला हक्क नोंदला गेला, आता घाई नाही. ही समजूत माझ्या एकटीचीच नव्हती. दुकानातले, नात्यातले, सगळेच म्हणाले, "नोटीस गेली नं, मग केस उभी आहे."

मग मार्च २०२० आला. मी मास्क शिवले. तीन रुपये नगाने, हजारांनी. मशीनला मोटार लावून घेतली आणि डाव्या पायाने दाबायला शिकले. मार्च २०२२ मध्ये आम्ही सक्करदऱ्याला तळमजल्यावर राहायला गेलो. काकांशी बोलणं बंदच होतं.

जून २०२३ मध्ये घोट्यातला एक स्क्रू टोचायला लागला. डॉक्टर म्हणाले, प्लेट काढावी लागेल, साधारण चाळीस हजार धरून चाला. मी काकांच्या मुलाला फोन केला. तो शांतपणे बोलला, अगदी आदराने. "ताई, पाच वर्षं होत आली. मी वकिलाला विचारलंय. दावा लावायला तीन वर्षांची मुदत असते, ती २०२१ मध्येच संपली. आता माणुसकी म्हणून काही द्यायचं तर बघू."

'माणुसकी म्हणून' हे मला लागलं. तो असं बोलला नसता तर मी कदाचित कोर्टाची पायरी चढलेच नसते.

३ जुलैला, सोमवारी, मी सिव्हिल लाइन्सला जिल्हा न्यायालयात गेले. तिथे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे बाईला फुकट वकील मिळतो, तिचं उत्पन्न किती हे पाहत नाहीत. हे मला आमच्या वस्तीतल्या एका अंगणवाडीताईंनी सांगितलं होतं. अर्ज भरला, आधार कार्डाची झेरॉक्स जोडली आणि चार दिवसांनी एक वकील मॅडम मिळाल्या. फुकटचा वकील म्हणजे टाळाटाळ करणारा, अशी मी मनाची तयारी करून गेले होते. मॅडमनी पहिल्या पाच मिनिटांत माझी रडकथा थांबवली आणि विचारलं, "तारीख सांगा. पडल्याची. नक्की तारीख."

मी सांगितली. मुलाचं बोलणंही सांगितलं.

"मुलगा बरोबर बोलला," मॅडम म्हणाल्या. "१९६३ चा मुदत कायदा. निष्काळजीपणामुळे शरीराला इजा झाली, त्याच्या भरपाईसाठी वेगळी मुदत लिहिलेली नाही, म्हणून अनुच्छेद ११३ लागतो. तीन वर्षं. २६ ऑगस्ट २०२१."

मी म्हणाले, पण मी नोटीस दिली होती.

"खाजगी माणसाला दिलेल्या नोटिशीने मुदत थांबत नाही."

पण ते तर देतो देतो म्हणत होते.

"तोंडी म्हणण्यानेही थांबत नाही."

त्यांनी पाच हजार दिले, तेसुद्धा मुदतीच्या आत.

"कर्जाचा हप्ता दिला तर मुदत नव्याने सुरू होते, कलम १९. हे कर्ज नाही."

मग उशीर माफ करून घेता येईल का? मी ऐकलं होतं की कोर्ट उशीर माफ करतं. तर तेही नाही. कलम ५ अपिलाला आणि अर्जाला आहे, दाव्याला नाही. अपील दोन महिने उशिरा गेलं तर कारण सांगून पदरात घेता येतं. दावा एक दिवस उशिरा गेला तर गेला. समोरच्याने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी कलम ३ प्रमाणे कोर्टाने तो स्वतःहून पाहायचा असतो.

मी पर्स उचलली. त्यावर मॅडम म्हणाल्या, "बसा. हिशोब झाला नाही अजून."

त्यांनी एक कोरा कागद घेतला. कोरोनात सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून प्रकरण हाती घेतलं होतं आणि १० जानेवारी २०२२ च्या आदेशाने सांगितलं होतं की १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीच्या मोजणीत धरायचाच नाही. १५ मार्च २०२० ला ज्याची जितकी मुदत शिल्लक असेल, ती १ मार्च २०२२ पासून पुढे चालू. मग त्या दिवशी माझे किती दिवस उरले होते? मॅडम मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर मोजत होत्या आणि मी बोटांवर. सवय आहे मला. ब्लाउजची घडी मोजताना कॅल्क्युलेटर कोण काढतं? पडल्याचा दिवस सोडून द्यायचा, हे मुदत कायद्याचं कलम १२. दोघींचंही उत्तर एकच आलं, ५३० दिवस. १ मार्च २०२२ पासून ५३० वा दिवस म्हणजे १२ ऑगस्ट २०२३.

आजची तारीख ७ जुलै होती.

मॅडमनी भिंतीवरचं कॅलेंडर उलटलं. १२ ऑगस्टला दुसरा शनिवार. कोर्ट बंद. १३ ला रविवार. १५ ला स्वातंत्र्यदिन. "कलम ४ म्हणतं की शेवटच्या दिवशी कोर्ट बंद असेल तर उघडेल त्या दिवशी दाखल करता येतं, म्हणजे १४ ला. पण मी त्याच्या भरवशावर बसणार नाही. उद्या कोणी म्हणालं की मोजण्यात एक दिवस चुकला, तर? अकराच्या आत. शुक्रवारच्या आत."

त्या पाच आठवड्यांत मी विधी सेवेच्या बाकावर बसून जेवढा कायदा शिकले, तेवढा बी.ए.ला नागरिकशास्त्र असूनही शिकले नव्हते. शेजारी एक पोरगा बसायचा, त्याला ट्रकने उडवलं होतं. त्याला सहाच महिने होते. मोटार अपघाताच्या दाव्याला आधी मुदतच नव्हती, १ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची आली. एका बाईचं कोचिंग क्लासशी भांडण होतं, ग्राहक आयोगात, तिला दोन वर्षं, आणि तिथे उशीर माफ होऊ शकतो. एका म्हाताऱ्या बाबांना महापालिकेवर दावा करायचा होता. त्यांना आधी महिनाभराची नोटीस द्यायची आणि तरी दावा सहा महिन्यांच्या आत, असं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मंग त्याईनं मले रस्ता सांगाले आठ महिने काऊन लावले?" कोणाकडेच उत्तर नव्हतं. माझी मुलगी माझ्यासोबत पडली असती तर? मी सहज विचारलं. अज्ञान मुलाची मुदत अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर मोजायला लागतात, तिथून तीन वर्षं. म्हणजे तिला माझ्यापेक्षा किती तरी जास्त वेळ मिळाला असता. त्या दिवशी ती मागेच होती, चप्पल शोधत.

मुदतीचं गणित जमलं, पण काका जबाबदार आहेत हे सिद्ध कोण करणार? माझ्या मनात साधा हिशोब होता: घर त्यांचं, मोडलं त्यांच्या घरात, म्हणून भरपाई त्यांची. मॅडमनी तो पहिल्याच दिवशी मोडून काढला. नुसती मालकी पुरत नाही. ती जागा कोणाच्या ताब्यात होती, धोका त्याला माहीत होता का, आणि माहीत असून त्याने काय केलं, हे तीन प्रश्न. मी माझ्या खोलीत, माझ्याच हाताने बसवलेल्या फळीवरून पडले असते तर काकांचा काही संबंध नव्हता. जिना तीन बिऱ्हाडांचा. त्याची किल्ली, दिवा, झाडलोट, दुरुस्ती, सगळं कोणाकडे?

"पायरी कोणी दुरुस्त केली?"

"काकांनी. आठ दिवसांत. गवंडी त्यांचाच, पैसेही त्यांनीच दिले."

मॅडम हसल्या. तोवर मला वाटत होतं की काकांनी लगेच दुरुस्ती करून पुरावा पुसला. पण ज्याने गवंडी बोलावला, जिना त्याच्या ताब्यात, असंही त्यातून निघत होतं.

दुसरा प्रश्न, माहीत होतं का. इथे माझं नशीब म्हणायचं की सवय, कोण जाणे. ९ जुलै २०१८ ला मी काकांना व्हॉट्सॲपवर त्या पायरीचा फोटो पाठवला होता. खाली लिहिलं होतं, "काका पायरी तुटली आहे, वरचा कठडाही हलतो, लेकरं पडतील." त्यावर त्यांचं उत्तर, "ठीक आहे पाहतो", आणि एक अंगठा. तो फोन आता मुलीकडे होता, स्क्रीनला तडा गेलेला, चार्जिंगला लावला की तासाभराने सुरू व्हायचा. मोबाइलमधला मजकूर पुरावा म्हणून द्यायचा तर तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खाली प्रमाणपत्र लागायचं: हा फोन कोणाचा, कोण वापरत होतं, छापील प्रत त्याच्यातूनच निघाली. ते मी सही करून दिलं. मॅडमनी बजावलं, "फोन दुरुस्तीला टाकायचा नाही. विकायचा नाही. फॉरमॅट तर अजिबात नाही." मुलीने तो फोन महिनाभर देवघरात ठेवला, उदबत्तीपासून लांब.

दुरुस्तीची जबाबदारी कोणाची, हे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम १४ मध्ये आहे. वेगळं काही ठरलं नसेल तर जागा राहण्याजोगी ठेवणं मालकाचं काम. भाडेकरूने नोटीस दिल्यावर पंधरा दिवसांत मालकाने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू स्वतः करून खर्च भाड्यातून कापू शकतो, पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. आमचं भाडं साडेचार हजार होतं, म्हणजे वर्षाचे चोपन्न हजार आणि चौथा हिस्सा साडेतेरा हजार. ती पायरी जास्तीत जास्त दोन हजारात झाली असती. हे कलम मला जुलै २०१८ मध्ये माहीत असतं तर मीच गवंडी बोलावला असता, काकांचं तोंड न पाहता. या एका गोष्टीचा मला अजून राग येतो, आणि तो काकांवर नाही.

समोरच्या वकिलांनी हेच कलम आमच्यावर उलटवलं. भाडेकरूला स्वतः दुरुस्ती करता येत होती, तिने केली नाही, म्हणजे निष्काळजी तीच. मॅडमचं उत्तर छोटं होतं: कायद्यात 'करू शकतो' आहे, 'केली पाहिजे' नाही. त्यांचा दुसरा बचाव असा की जिन्याची डागडुजी भाडेकरूंनी करायची असं राहायला येतानाच तोंडी ठरलं होतं. असं काही ठरलं नव्हतं, पण सिद्ध कसं करायचं? आमच्याकडे २००९ चा एक कच्चा करार, शंभराच्या स्टॅम्पपेपरवर, नोंदणी न केलेला, आणि पुढे नुसत्या भाड्याच्या पावत्या. मला वाटलं, इथे आपण अडकलो. उलट झालं. त्याच कायद्याचं कलम ५५ म्हणतं की करार लेखी करून त्याची नोंदणी करणं मालकाचं काम. नसेल केलं, तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरायचं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. नोंदणीचे पैसे आणि चकरा वाचवायला ज्यांनी कच्चा करार केला, त्यांच्याच अंगावर तो आला.

दिल्लीच्या घड्याळाच्या मनोऱ्याचा निकालही मॅडमनी जोडला होता. मनोरा कोसळून माणसं मेली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये तिथल्या महापालिकेला जबाबदार धरलं होतं. रस्त्याला लागून असलेली इमारत जपणं मालकाचं काम, आणि ती अशी आपोआप कोसळली की निष्काळजीपणा दुसऱ्याने वेगळा सिद्ध करायची गरज नाही. "आपला जिना रस्त्यावर नाही," मॅडम म्हणाल्या, "म्हणून हा निकाल जसाच्या तसा लागणार नाही. पण कठडा भिंतीतून निघून हातात येतो, हे स्वतःच बोलतं."

राहिला पैशांचा हिशोब. दवाखान्याची बिलं, गोळ्या, फिजिओथेरपी, होणारं दुसरं ऑपरेशन, हे कागदावर होतं. माझी कमाई कुठे होती? मला पगारपत्रक नाही, मी आयकर भरत नाही. बुडालेली कमाई दाखवायची कशावरून? मॅडम विचारत राहिल्या, काहीतरी लिहून ठेवत असाल ना. मी म्हणाले, मापवही आहे. लाल कापडी बांधणीची, २०१७ पासूनची. प्रत्येक बाईचं नाव, छाती, कंबर, बाही, गळा, घ्यायची तारीख, पैसे आणि दिल्यावर बरोबरची खूण. मॅडमनी ती दोन दिवस घरी नेली. परत आल्या तेव्हा त्यांनी महिन्यावार बेरीज करून आणली होती. २०१८ च्या पहिल्या सात महिन्यांची सरासरी नऊ हजार. सप्टेंबर ते नोव्हेंबर, कोरी पानं. त्या कोऱ्या पानांकडे मी पहिल्यांदा नीट पाहिलं. बाकी कुठल्याही कागदाने मला रडू आलं नव्हतं.

११ ऑगस्टला, शुक्रवारी, दुपारी दीडच्या सुमारास दावा दाखल झाला. मागणी साडेचार लाख. खिडकीवर एका पानावर सही राहिली म्हणून कागद परत आले, मी धावत जाऊन सही केली, घोट्यातून कळ गेली. नंबर पडला तेव्हा मॅडमनी तो मला मोबाइलवर पाठवला आणि आम्ही बाहेर टपरीवर तर्री पोहे खाल्ले. पुढची वर्षभराची पेशी लवकर सांगते, कारण तिच्यात सांगण्यासारखं फार नाही. समन्स, तारीख, बेलिफाला पत्ता सापडला नाही, तारीख. सप्टेंबरात अंबाझरी तलावाचं पाणी शहरात शिरलं, त्या पुरात मॅडमच्या घराचा तळमजला बुडाला, तारीख. माझे मूळ कागद माझ्याच कपाटात होते म्हणून वाचले.

लेखी कैफियत आली आणि तिच्यासोबत अर्ज: दावा मुदतबाह्य आहे, दारातच फेटाळावा. घटना २०१८ ची, दावा २०२३ चा, पाच वर्षं, असा सोपा हिशोब. मॅडमनी दोन पानांचं उत्तर दिलं, त्यातलं एक पान म्हणजे तो आमचा कागद, ५३० दिवसांचा, नीट टाइप केलेला. त्या अर्जावर आदेश व्हायला चार महिने लागले. अर्ज नामंजूर. मी त्या दिवशी कोर्टात नव्हते, लग्नसराईचे बावीस ब्लाउज द्यायचे होते.

तिथून पुढे सूर बदलला. मुदतीचा किल्ला पडल्यावर त्यांच्या वकिलांनीच लोकअदालतीची गोष्ट काढली. मी म्हणाले, नको, लढू, मला साडेचार लाखच पाहिजेत. मॅडमनी तेव्हा एक गोष्ट समजावली, ती मला आवडली नाही, पण खरी होती. काकांचं वय एकोणऐंशी. शरीराच्या इजेचा दावा माणसाबरोबर बराचसा संपतो, भारतीय वारसा कायद्याच्या कलम ३०६ मुळे. मी गेले तरी, ते गेले तरी. साक्षी, उलटतपासणी, निकाल, मग अपील. तोपर्यंत कोण असेल, कोण नसेल?

लोकअदालतीच्या दिवशी काका आले होते. मुलाने हात धरून आणलं होतं. पॅनलसमोर आकडे सुरू झाले: ते नव्वद हजारांवर, आम्ही तीन लाखांवर. मध्येच काका माझ्याकडे वळून म्हणाले, "पाय दुखते काय गं अजून?"

"थंडीत दुखते," मी म्हणाले.

ते काही बोलले नाहीत. मुलाच्या कानाशी लागले. एक लाख नव्वद हजारांवर ठरलं, चार हप्त्यांत, धनादेशाने. लोकअदालतीच्या निवाड्याला कोर्टाच्या हुकूमनाम्याची ताकद असते आणि त्यावर अपील नाही. हप्ता चुकला तर सरळ वसुलीला जाता येतं, म्हणून मी सही केली. हप्ता एकही चुकला नाही. पहिल्यातून प्लेट काढली. ती डॉक्टरांनी एका छोट्या प्लास्टिकच्या डबीत दिली, सहा स्क्रूंसकट, आणि ती सध्या माझ्या बॉबिनच्या खणात आहे.

मापवही मात्र अजून कोर्टातच आहे. दाव्यासोबत मूळ प्रत दिली होती, यादीत अनुक्रमांक सात. परत मिळण्यासाठी अर्ज केलाय, त्याला झेरॉक्सचा संच जोडलाय, आणि खिडकीवरच्या बाबूंनी दोनदा सांगितलंय की रेकॉर्ड रूममधून फाइल वर यायची आहे. पुढच्या सोमवारी परत जाईन. एका जुन्या गिऱ्हाइकाच्या मुलीचं लग्न आहे, आईचं जुनं माप त्याच वहीत आहे. ती म्हणते, तेच माप पाहिजे, नवीन नको घेऊ, त्या वेळचा ब्लाउज चांगला बसला होता.